घोड्याचे पाय : कशावर काय लावावं?

प्रश्न : पावसाळ्यात घोड्याच्या मागच्या पायांना, टाचेच्या खोलग्यात खपल्या धरतात. औषधी शाम्पू, जंतुनाशक आणि झिंकचं मलम, तिन्ही रोज लावतो, तरी वाढतच आहे. क्रम चुकतोय का?

उत्तर : क्रमापेक्षा ओल आणि कालचा थर नडतो आहे. या खपल्यांमागे बहुधा डर्माटोफिलस नावाचा जिवाणू असतो. ओल्या किंवा न धुतलेल्या कातडीवर मलम चोपडलं की ओल आत कोंडते आणि त्याला हवं ते आयतं मिळतं.

आधी जुनं मलम काढा. झिंक नुसत्या पाण्याने निघत नाही. लिक्विड पॅराफिन चोळून ते मऊ करा, मग शाम्पूने उतरवा. शाम्पूचा अंशही राहू देऊ नका, कारण साध्या साबणाने क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक निकामी होतं. आता २ ते ४ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन स्क्रब लावून फेस १० मिनिटं तसाच ठेवा. लावलं आणि लगेच धुतलं तर उपयोग नाही. घाईमुळे इथेच सगळं फसतं. भिजून सुटलेल्या खपल्या तेवढ्या काढा आणि कचऱ्यात टाका, त्यांत जिवाणू जिवंत असतो. घट्ट बसलेली खपली ओढलीत तर नवी जखम होते. घोड्याला ते फार दुखतं, आणि पुढच्या वेळी तो पायाला हात लावू देत नाही.

धुतल्यावर स्वच्छ टॉवेलने टिपा, घासू नका. केस दाट असतील तर कापून घ्या. खोलग्यात बोट घालून बघा : वरून कोरडं वाटतं, पण मुळाशी ओल असते. पूर्ण वाळल्यावर आणि कातडी भरून आल्यावरच झिंक लावायचं, तेही पातळ, चिखलात जाण्याआधी. पाझरत्या जखमेवर झिंक नको. सुरुवातीचे काही दिवस रोज धुवा. खपल्या धरायच्या थांबल्या की धुणंही कमी करा, नाहीतर कातडी कोरडी पडून चिरते.

पाय सुजला, घोडा लंगडू लागला किंवा ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांना बोलवा. फक्त पांढऱ्या पायांवरच चट्टे असतील तरीही बोलवा. अशा वेळी कारण उन्हाची ॲलर्जी, क्वचित यकृताचा आजारही असू शकतो.

प्रश्न : कामानंतर लिनिमेंट (पायाला चोळायचं औषध) लावून वर पट्टी बांधली तर चालेल?

उत्तर : बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. मेंथॉल, कापूर असलेलं लिनिमेंट पट्टीखाली कोंडलं की कातडी भाजते, फोड येतात. गार पाण्याची धार १५ ते २० मिनिटं सोडून पाय वाळवा, लिनिमेंट लावा आणि उघडं ठेवा.

डीएमएसओ या कातडीतून आत शिरणाऱ्या द्रावकाबाबत जास्त जपा. त्याच्या आधी कातडीवर जे असेल ते घेऊन ते आत शिरतं, म्हणून खाली लिनिमेंट, कीटकनाशक फवारा, काहीच नको. हातमोजे घाला. नवीन कुठलंही औषध आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून २४ तास बघा.

प्रश्न : स्पर्धेआधी मिरचीच्या अर्काचं मलम वापरलं तर?

उत्तर : नाही. त्यातल्या कॅप्सेसिनवर एफईआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाची, बंदी आहे. २००८च्या ऑलिंपिकमध्ये, हाँगकाँगला झालेल्या घोडेस्वारीत, याच पदार्थामुळे घोडे बाद झाले होते.