पडका गोठा, ओल आणि चुना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोराईला आजोबांच्या वाडीत साधारण शंभर वर्षांचा दगडी गोठा आहे, माळ्यावर भाताची कोठी. कित्येक वर्षांत तिकडे कोणी फिरकलेले नाही. आढ्याजवळची कौले फुटली आहेत, एक तुळई खचली आहे, मागची भिंत बाहेर फुगली आहे. मेअखेर सगळी डागडुजी उरकायची आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : मेअखेर 'सगळी डागडुजी' होणार नाही, तो हट्ट सोडा. पावसाळ्यात इमारत उभी राहील एवढेच आता करा. चुन्याचे काम दिवाळीनंतर.

आधी बिघाड कसा झाला ते पाहा. आढ्याचे कौल फुटले की पाणी वाशावरून घरंगळत भिंतीच्या माथ्यावर येते. जुनी दगडी भिंत म्हणजे बाहेरून-आतून दोन दर्शनी थर आणि मध्ये माती-खडीची भर. पाणी त्या भरीत शिरते, भर खाली बसते आणि बाहेरचा थर फुगतो. तुळईचे टोक याच भिंतीत गाडलेले असते. त्याला वारा लागत नाही, म्हणून ते कधीच सुकत नाही. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशी धरते. त्यामुळे तुळई मधोमध ठणठणीत दिसते आणि टोकाला भुसा झालेली असते. शिवाय मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भिजलेल्या कौलांचे आणि भिंतीतल्या मातीचे वजन वाढते आणि ते कुजक्या टोकांवर येते.

कोणालाही आत पाठवण्याआधी टेकू द्या. सेंटरिंगवाल्यांकडे लोखंडी टेकू भाड्याने मिळतात. प्रत्येक तुळईला भिंतीपासून ३० ते ४५ सेंमीवर एकेक, खाली-वर जाड फळी. पाचर घट्ट बसेल इतकीच मारा. खचलेली तुळई वर उचलायच्या नादात भिंतीला भेग जाते. मग माळ्यावरचा कोंडा, माती, मोडके सामान खाली काढा, तेवढा भार कमी होतो. आता तुळयांची टोके दाभणाने टोचून पाहा. दाभण सहज आत गेले तर तेवढे टोक कापून चांगल्या सागाचा सांधा जोडावा लागेल. पूर्ण तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. सुतार तसे म्हणाला तर दुसऱ्या सुताराला दाखवा.

कौले उतरवून एकेक वाजवून पाहा. चांगले खणखणते, तडकलेले बद्द वाजते. मंगलोरी कौले चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. पण एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही आणि गळती तिथेच सुरू होते. म्हणून पाठीवरचे कारखान्याचे छाप पाहून वेगळी रास करा. मूळची कौले सगळी एका उतारावर, विकत घेतलेली जुनी दुसऱ्या उतारावर. रिपांमधले (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधले) अंतर त्या-त्या कौलानेच मोजा. शाकारणी वेळेत होत नसेल तर बांबूंवर ताडपत्री टाका. कौलांपासून १५-२० सेंमी उंच, दोन्ही टोके मोकळी. निळे प्लास्टिक थेट कौलांवर अंथरले की खाली घाम धरतो आणि लाकूड आणखी कुजते.

फुगलेल्या भिंतीला ओळंबा लावा. जाडीच्या सहाव्या भागाहून जास्त (४५ सेंमीच्या भिंतीत साडेसात सेंमी) ती ओळंब्याबाहेर असेल, तर बाहेरून तिरके टेकू लावून संरचना अभियंत्याला बोलवा. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून सरकते आहे.

प्रश्न : गोठ्याच्या भिंतीला दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. आता तो पोपडे धरून पडतो आणि आत पांढरी पूड दिसते. वॉटरप्रूफिंग करावे का? (एक वाचक, वसई)

उत्तर : मुळीच नको. वर्षानुवर्षे गुरांच्या मुताने भिंतीत क्षार मुरलेले आहेत, त्यांत सोरा बराच. पूर्वी गुरांच्या तळावरची अशी माती धुऊन सोरा काढत. हे क्षार पावसाळी हवेतले पाणी ओढतात, कोरड्या हवेत त्यांचे स्फटिक होतात आणि स्फटिक फुगून गिलावा सोलतात. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवते. अडलेली ओल वर चढते आणि गिलाव्याबरोबर दगडाचा पापुद्राही नेते.

सिमेंट छिन्नीने, हाताने काढा. पूड कोरड्या कुंच्याने झाडून वाडीबाहेर टाका. भिंत धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मग चुना १, वाळू ३ असा १०-१२ मिमीचा गिलावा द्या आणि तो तात्पुरताच समजा. क्षार त्यात उतरतील, दोन पावसाळ्यांनी खरवडून नवा द्या. जोत्याजवळ, जिथे ओल कायमची, तिथे चुना १, सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) १, वाळू २. निव्वळ चुना हवेने घट्ट होतो, ओल्या जागी सुरखीच त्याला धरून ठेवते. चुना कळीचा, विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवलेला. वाळू खाडीची नको, तिच्यातून आणखी मीठ येते. गिलाव्यावर आठवडाभर ओले गोणपाट ठेवा. बाहेरची साचलेली माती जोत्याखाली १५ सेंमीपर्यंत उतरवा. आत कोबा केला असेल तर भिंतीलगत ३० सेंमीची पट्टी फोडा, कारण कोब्याखाली कोंडलेली ओल भिंतीकडेच येते.

प्रश्न : भिंतीत पिंपळ उगवला आहे. ॲसिड ओतू का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : ॲसिड चुना खाते. पिंपळ एखादे वेळी वाचेल, सांधे मात्र विरघळतील. मूळ उपटूही नका, सोबत दगड येतात. खोड भिंतीलगत कापा आणि लगेच, चीक सुकायच्या आत, कापावर तणनाशक ब्रशने लावा. पालवी आली तर पुन्हा तेच. मुळे सुकून आक्रसली की काही महिन्यांनी पोकळी साफ करून चुन्याने भरा.

प्रश्न : परवानगी लागते का? (एक वाचक, मनोरी)

उत्तर : मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली आली. इमारत वारसा यादीत आहे का आणि श्रेणी १, २ की ३, ते पालिकेच्या विभाग कार्यालयात विचारा. समुद्र-खाडीजवळ असाल तर किनारा नियमन क्षेत्राचाही प्रश्न येतो. विचारायला जाण्याआधी चारही बाजूंचे फोटो आणि मापे घेऊन ठेवा. एकदा कौले उतरली की आढ्याची मूळ उंची कोणालाच सिद्ध करता येत नाही.