मोटरीच्या फिनमधून उष्णता किती बाहेर पडते?

प्रश्न : सोलापुरात आमचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. मे महिन्यात मागाच्या मोटरींना हात लावता येत नाही. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या फिन (अंगावरच्या, उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) दुप्पट उंच असत्या, तर उष्णताही दुप्पट बाहेर पडली असती का? हे गणित कसे मांडावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुप्पट पडली नसती. हवेत जाणारी उष्णता काढताना अभिसरण गुणांक (पृष्ठभागावरून वाहत्या हवेत उष्णता किती सहज जाते ते सांगणारी संख्या), फिनच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ (उंचीत अर्धी जाडी मिळवून) आणि फिनचे बूड व हवा यांच्या तापमानांतील फरक यांचा गुणाकार करतात. पण टोक बुडाइतके गरम नसल्यामुळे त्याला फिनच्या कार्यक्षमतेनेही गुणावे लागते, आणि नेमके हेच अनेकदा राहून जाते. कार्यक्षमतेसाठी गुणांकाच्या दुपटीला वाहकता (धातूतून उष्णता किती सहज वाहते ते) व जाडी यांच्या गुणाकाराने भागून वर्गमूळ घ्यावे, त्याला अर्धी जाडी मिळवलेल्या उंचीने गुणावे आणि आलेल्या संख्येच्या हायपरबोलिक टॅन्जंटला (कॅल्क्युलेटरवरील tanh) त्याच संख्येने भागावे. सर्व मापे मीटरमध्ये घ्यावीत.

समजा, फिन २ मि.मी. जाड, ३० मि.मी. उंच व १०० मि.मी. लांब आहे, वाहकता २०० (वॅट प्रति मीटर प्रति अंश) आणि पंख्याच्या वाऱ्यात गुणांक ४० (वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश) आहे. कार्यक्षमता ९४ टक्के येते. बूड ७५ अंशांवर आणि शेडमधील हवा ४३ अंशांवर असेल, तर एका फिनमधून सुमारे ७.५ वॅट उष्णता जाते. हिवाळ्यातील २८ अंशांच्या हवेत हाच आकडा ११ वॅट होतो. उंची ६० मि.मी. केल्यास कार्यक्षमता ८१ टक्क्यांवर येते आणि उष्णता १.७ पटच वाढते. बिडाच्या फिनची वाहकता सुमारे ५० असल्याने तिथे लाभ याहूनही कमी.

आपल्या कारखान्यात मात्र खरा प्रश्न उंचीचा नसावा. मोटरीच्या मागच्या जाळीवर आणि फिनांच्या फटींत सुताचे तंतू नमद्यासारखे दाबून बसतात, वारा अडतो आणि गुणांक घसरतो. तो २० झाला, तर कार्यक्षमता उलट ९७ टक्के दिसते, पण उष्णता जेमतेम ३.८ वॅट जाते! म्हणून केवळ कार्यक्षमतेच्या आकड्यावर विसंबू नये. मोटरीत निर्माण होणारी उष्णता तेवढीच राहते, त्यामुळे ती बाहेर टाकण्यासाठी अंगाचे तापमान वाढत जाते आणि वाइंडिंगचे (आतल्या तारांच्या वेटोळ्यांचे) इन्सुलेशन लवकर खराब होते. उंच फिनांचा विचार करण्याआधी, वीज बंद करून, जाळी आणि फटी ब्रशने मोकळ्या कराव्यात; उन्हाळ्यात हे काम दर पाळीला करणे मी आवश्यक मानतो.