बाबांना साठीला काय गिफ्ट देऊ? विचारलं की "मला काही नको" म्हणतात, बजेट दोन हजार

तुमचे बाबा काही नको म्हणतात ना, मग नवीन काय घ्यायचं ते जरा बाजूला ठेवा आणि त्यांचं काय बंद पडलंय ते बघा. म्हणजे वापरायचं सोडून दिलं आणि दुरुस्त करून द्या असं कधी कुणाला म्हणाले नाहीत असं काहीतरी.

आमचे अण्णा नाशिकला सातपूर एमआयडीसीत कामाला होते. आधीच्या वाढदिवसाला मी त्यांना साडेतीन हजाराचं स्मार्टवॉच दिलं, माझ्यासाठी म्हणून चार दिवस घातलं आणि मग कपाटात गेलं, रोज चार्जिंग करा, अक्षरं बारीक, त्यांना नकोच होतं ते. त्याच कपाटात जुन्या पासबुकांच्या डब्यात मला त्यांचं एचएमटी जनता घड्याळ सापडलं, चावीचं. आईला विचारलं तर म्हणाली, अगं पहिल्या बोनसमधून घेतलेलं ते, तू बारावीला असताना बंद पडलं, तेव्हा तुझ्या क्लासची फी भरायची होती ना, मग राहिलं ते राहिलंच. पंधरा वर्षं! मला फार लागलं ते.

गुपचूप घेऊन मेनरोडला गेले. पहिल्या दुकानात म्हणाले आतलं मशीन काढून सेलचं टाकून देतो, तीनशेत काम होईल. मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही नाहीच म्हणा, कारण रोज सकाळी चावी देणं हेच तर त्या घड्याळाचं आहे. मग रविवार कारंज्याजवळ गल्लीत एक वयस्कर घड्याळजी भेटले, त्यांनी उघडून दाखवलं, आतलं तेल वाळून चिकट झालेलं, स्प्रिंग गेलेली. एचएमटीने 1961 ला जपानच्या सिटिझनबरोबर बंगलोरला घड्याळं सुरू केली आणि 2016 ला सरकारने ती घड्याळ कंपनीच बंद करायचं ठरवलं, त्यामुळे पार्ट मिळतो तो बहुतेक दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढलेलाच. काच प्लास्टिकची असते, पॉलिश केली की चरे जातात. डायल मात्र रंगवू नका असं मी बजावून सांगितलं, पिवळी पडलेली तशीच राहू दे, ती त्यांच्याच हातावर पिवळी पडलीय. सगळं मिळून नऊशे आणि चामड्याचा पट्टा साडेतीनशे.

हातात दिलं तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, फक्त "मोबाईलमध्ये बघ किती वाजलेत" म्हणाले आणि काटे लावत बसले.

ऑनलाइन नवीकोरी एचएमटी म्हणून रंगीत डायलची स्वस्त मिळतात ती घेऊ नका हं, बरीचशी जुनीच परत रंगवलेली असतात, आणि मुळात ती तुमच्या बाबांची नाहीत.

तुमच्याकडे घड्याळ नसेल तर रेडिओ असेल, भाता फाटलेली पेटी असेल, सायकल असेल, नाहीतर कल्हई उडाली म्हणून माळ्यावर टाकलेला त्यांचा पितळी डबा. आईला विचारा, तिला नक्की माहीत असतं. फक्त वाढदिवसाच्या तीन-चार आठवडे आधी दुरुस्तीला टाका, माझं घड्याळ एका स्प्रिंगसाठी सतरा दिवस अडकलं होतं.