तुमचे पैसे, तुमचे प्रश्न : आयआरएमधल्या सोन्याला खर्च किती येतो?

प्रश्न : ताई नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, वय ६१. जुन्या कंपनीच्या ४०१के या रिटायरमेंट खात्यात चाळीस हजार डॉलर पडून आहेत. टीव्हीवरची जाहिरात बघून एका गोल्ड आयआरए (म्हणजे स्वतःच्या रिटायरमेंट खात्यात सोनं ठेवायचं) कंपनीला फोन केला तर ते म्हणाले सगळे पैसे आमच्याकडे रोलओव्हर करा, म्हणजे वळवा, वर्षाला फक्त अडीचशे डॉलर फी, पहिल्या वर्षाची माफ, वर चांदीची नाणी फुकट. बायको म्हणते सोनं घेऊन कधी कोणाचं नुकसान झालंय का. मलाही अडीचशे डॉलर जास्त वाटत नाहीत. अजून काही खर्च असतो का?

उत्तर : असतो, आणि तो या अडीचशेपेक्षा बराच मोठा असतो, पण फोनवर त्याचा उल्लेखच होत नाही. म्हणून तुम्ही सही करायच्या आधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं.

आधी हे लक्षात घ्या की यात तीन वेगवेगळ्या पार्ट्या असतात. नाणी विकणारा डीलर, खातं सांभाळणारा कस्टोडियन, आणि प्रत्यक्ष सोनं जिथे ठेवतात ती डिपॉझिटरी. आयआरएतलं सोनं बँकेच्या किंवा आयआरएसने (अमेरिकेच्या टॅक्स खात्याने) मान्यता दिलेल्या ट्रस्टीच्या ताब्यातच असावं लागतं, तसा कायदाच आहे, त्यामुळे शेवटच्या दोघांना टाळता येत नाही. तुम्हाला सांगितलेले अडीचशे म्हणजे या दोघांची वर्षाची फी, आणि तो आकडा साधारण बाजारात चालतो तसाच आहे. त्याशिवाय खातं उघडायला पन्नास-शंभर, पैसे वायर करायला पंचवीस-तीस, खातं बंद करताना परत काहीतरी. हे सगळं फी शेड्यूलमध्ये छापलेलं असतं, मागितलं की देतात.

खरा पैसा जातो तो खरेदी-विक्रीच्या भावातल्या फरकात, ज्याला स्प्रेड म्हणतात. आपल्याकडे सराफाकडे दागिना घेताना मजुरी देतो आणि मोडताना घट कापून घेतो ना, तेच इथे होतं, फक्त इथे पावतीवर मजुरीची वेगळी ओळ नसते, सगळं नाण्याच्या किमतीतच मिसळलेलं असतं. आता तुमच्या चाळीस हजारांवर हिशोब करू. समजा डीलरने साधं बुलियन नाणं (ज्याची किंमत त्यातल्या सोन्याच्या वजनावर ठरते ते) स्पॉट भावाच्या, म्हणजे सोन्याच्या त्या वेळच्या बाजारभावाच्या, ५ टक्के वर विकलं, तर तुमच्या हातात सोनं आलं ३८,०९५ डॉलरचं. तेच दुसऱ्या दिवशी विकायला गेलात आणि त्याने स्पॉटच्या १ टक्का खाली घेतलं तर मिळाले ३७,७१४. म्हणजे भाव जागचा हलला नाही तरी जवळपास तेवीसशे डॉलर गेले, तुमच्या नऊ वर्षांच्या फीइतके.

आणि हा झाला चांगला डीलर. फोनवर गोड बोलणारे लोक बऱ्याचदा साधं नाणं विकतच नाहीत, ते प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या) किंवा ‘एक्सक्लुझिव्ह’, ‘लिमिटेड’ नाण्यांकडे वळवतात. त्यावर ३० टक्के प्रीमियम, म्हणजे स्पॉट भावावर जादा किंमत, लावला तर चाळीस हजारात सोनं येतं ३०,७६९ डॉलरचं, आणि परत विकताना त्या प्रूफपणाचे पैसे कोणी देईलच असं नाही. म्हणजे सोनं ३० टक्क्यांहून जास्त वाढलं की तेव्हा कुठे तुम्ही मूळ जागेवर येणार! फुकटची चांदी आणि माफ झालेली फी कुठून येते तेही यातच आलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सीएफटीसी या केंद्रीय नियामकाने तीस राज्यांच्या नियामकांना सोबत घेऊन एका मेटल डीलरवर दावा लावला होता, आरोप हाच की वयस्कर लोकांना घाबरवून त्यांचे रिटायरमेंटचे पैसे काढायला लावले आणि अव्वाच्या सव्वा भावाने धातू गळ्यात मारला. म्हणून मी परत परत सांगते, कंपनीला दोनच गोष्टी ईमेलवर लिहून मागा : हेच नाणं आज मला कितीला देणार आणि हेच नाणं आज माझ्याकडून कितीला परत घेणार. दोन्ही आकडे एकाच दिवसाचे हवेत. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर फोन ठेवून द्या, भिडेखातर बोलत बसू नका.

डिपॉझिटरीच्या भाड्याचं पण बघा. काही ठिकाणी ते ठरलेलं असतं आणि काही ठिकाणी मालाच्या किमतीच्या टक्क्यात, समजा ०.५ टक्का, म्हणजे आज २०० डॉलर आणि सोनं दुप्पट झालं की ४००, तिजोरीतली जागा तेवढीच असली तरी. तुमची नाणी वेगळी बांधून ठेवायची तर भाडं जास्त, सगळ्यांच्या मालात एकत्र चालत असतील तर कमी. साध्या बुलियनला एकत्र ठेवून काही बिघडत नाही असं माझं मत.

आता काकूंच्या, म्हणजे तुमच्या बायकोच्या, मुद्द्याकडे येते. सोनं घेऊ नका असं मी म्हणतच नाहीये. पण सोन्याचा भाव वाढल्याचा फायदाच हवा असेल तर तो नेहमीच्या आयआरएत गोल्ड ईटीएफ (सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) घेऊनही मिळतो. असे तीन फंड बघा : जीएलडीचा वर्षाचा खर्च ०.४० टक्के, आयएयूचा ०.२५, जीएलडीएमचा ०.१०. म्हणजे चाळीस हजारांवर वर्षाला १६० डॉलरपासून ४० डॉलरपर्यंत, आणि स्प्रेड अगदी नगण्य. यात प्रत्यक्ष नाणं तुमच्या नावावर नसतं हे खरं, आणि कुणाला त्या खात्रीसाठीच सोनं हवं असतं, तर मग वरचा सगळा खर्च ही त्या खात्रीची किंमत समजून द्यायचा. माझ्या मते चाळीस हजारांसाठी ती महाग आहे.

अजून दोन गोष्टी. रोलओव्हर केलाच तर ४०१केमधून थेट नव्या कस्टोडियनकडे करा, चेक स्वतःच्या नावावर घेतला तर प्लॅनवाले २० टक्के टॅक्स कापून ठेवतात आणि तेवढी रक्कम ६० दिवसांत खिशातून भरून जमा करावी लागते. दुसरं म्हणजे तुमचा जन्म १९६० नंतरचा, त्यामुळे ७५ व्या वर्षापासून दर वर्षी ठराविक रक्कम काढावीच लागेल. खात्यात तेव्हा चाळीस हजारच असले असं धरलं तर पहिल्या वर्षी साधारण १,६२६ डॉलर. एका औंसाचं नाणं त्याहून कितीतरी महाग, आणि नाणं काही तोडून देता येत नाही! मग पूर्ण नाणं विका, पुन्हा स्प्रेड सोसा, किंवा आधीपासूनच पाव औंसाची, दशांश औंसाची नाणी घ्या, ज्यांच्यावर प्रीमियम अजून जास्त. तुमचा दुसरा एखादा साधा ट्रॅडिशनल आयआरए असेल तर सगळ्यांची मिळून होणारी रक्कम त्या एकातून काढता येते, तेवढी सोय आहे.

प्रश्न : ताई, मी डॅलसजवळ राहते. आईने दिलेल्या पाटल्या आणि दोन वेढणी बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, ती आयआरएत टाकता येतील का? आणि मैत्रीण म्हणते की एलएलसी (छोटी खाजगी कंपनी) काढली तर आयआरएची नाणी घरच्या तिजोरीत ठेवता येतात, स्टोरेजचा खर्च वाचतो. खरंय का?

उत्तर : दोन्हीचं उत्तर नाही. आयआरएत दर वर्षीची भर रोख पैशातच टाकावी लागते, वस्तू देऊन नाही. आणि दागिना कितीही शुद्ध असला तरी आयआरएसच्या लेखी तो कलेक्टिबल, म्हणजे संग्रहाची वस्तू, आणि ती आयआरएत चालत नाही. चालतात ती ०.९९५ शुद्धतेची सोन्याची नाणी आणि बार, चांदीला ०.९९९, प्लॅटिनम-पॅलेडियमला ०.९९९५. अमेरिकन ईगल हे नाणं २२ कॅरेटचं असूनही कायद्यात त्याला खास सूट आहे, तसंच २२ कॅरेटचं दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड नाणं मात्र चालत नाही. आईच्या पाटल्या आहेत तिथेच राहू दे, त्यांच्यावर वर्षाची कस्टोडियन फी तरी लागत नाही.

घरच्या तिजोरीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. मॅकनल्टी नावाच्या जोडप्याने अगदी हेच केलं होतं, आयआरएच्या मालकीची एलएलसी, तिच्या नावाने ईगल नाणी आणि ती घरातल्या तिजोरीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने निकाल दिला की नाणी हातात आली म्हणजे पैसे खात्यातून काढलेच, त्यावर टॅक्स भरा. वर्षाचं शे-दीडशे डॉलर भाडं वाचवायला सगळ्या रकमेवर इन्कम टॅक्स, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर १० टक्के पेनल्टी वेगळी. मैत्रिणीलाही हे कळवा, तिने आधीच केलं असेल तर लगेच सीपीएला (टॅक्सचं काम बघणाऱ्या अकाउंटंटला) गाठायला सांगा.

प्रश्न : माझ्या गोल्ड आयआरएत साधारण नऊ हजार डॉलरचं सोनं आहे, फी वर्षाला २७५. बाहेर पडायचंय पण टॅक्स लागेल म्हणून घाबरतोय. – एक वाचक, शिकागो

उत्तर : नऊ हजारांवर २७५ म्हणजे वर्षाला तीन टक्के, तुम्ही बाहेर पडताय ते योग्यच. सोनं आयआरएच्या आतच विकलं आणि पैसे कस्टोडियनकडून थेट दुसऱ्या आयआरएत ट्रान्सफर केले तर टॅक्स लागत नाही, पैसे तुमच्या बँक खात्यात येऊ देऊ नका एवढंच. ज्या डीलरकडून घेतलं त्यालाच विकायचं असं काही बंधन नाही, दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी भाव विचारा, त्यातला फरक बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. खातं बंद करायची फी किती आणि पुढच्या वर्षाची फी कोणत्या तारखेला कापतात हे कस्टोडियनला आजच विचारा, आणि त्या तारखेच्या निदान तीन-चार आठवडे आधी विक्रीचा फॉर्म पाठवा, कारण कागद इकडून तिकडे जायला वेळ लागतो.