आजच्या रॉक म्युझिकमध्ये क्लासिकल पियानोचा प्रभाव खरंच आहे का, की पियानो नुसता शोभेला ठेवतात?

आहे ना, चांगला भरपूर आहे, फक्त लोक तो भलत्याच ठिकाणी शोधतात. हा विषय निघाला की लगेच कोणती चाल कुठून उचलली याची यादी सुरू होते. यादी खोटी नाही. एरिक कार्मेनच्या १९७५ च्या 'ऑल बाय मायसेल्फ'मधली चाल सरळ रशियन संगीतकार रॅखमानिनॉफच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) दुसऱ्या भागातली आहे आणि त्यासाठी त्याला नंतर वारसांशी करार करून रॉयल्टी द्यावी लागली. बिली जोएलने १९८३ मध्ये 'धिस नाइट'ला बेथोव्हेनची 'पाथेटिक' सोनाटा (एकट्या पियानोसाठीची मोठी रचना) वापरली आणि श्रेयात बेथोव्हेनचं नावही टाकलं. पण चाल उचलणं हा मला सगळ्यात वरवरचा प्रभाव वाटतो, ते कोणीही करू शकतं.

मी आधी क्लासिकल पियानो शिकलो आणि मग बँडमध्ये कीबोर्डवर गेलो, त्यामुळे माझा कान आपोआप डाव्या हाताकडे, म्हणजे खालच्या साथीकडे जातो. खरा प्रभाव तिथे बसलाय.

रॅखमानिनॉफचाच तो कॉन्चेर्टो सुरुवातीपासून ऐका. एकटा पियानो, जड जड कॉर्ड (एकत्र वाजवलेले काही सूर), प्रत्येक कॉर्डनंतर खाली खर्जात तोच एक सूर घंटेसारखा पडतो, आवाज हळूहळू वाढत जातो आणि मग ऑर्केस्ट्रा चाल उचलतो. आता गंमत बघा, चाल व्हायोलिन वगैरे मंडळींकडे गेली आणि ज्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिलाय तो पियानोवाला खाली आर्पेजिओ फिरवत बसलाय, म्हणजे मोठ्या मोठ्या उड्या घेत कॉर्डचे सूर एकामागून एक. साथच करतोय तो, पण सगळा जोर त्याच्यातूनच येतो. म्यूझ बँडचा मॅट बेलामी नेमकं हेच करतो. २००३ च्या 'बटरफ्लाइज अँड हरिकेन्स'मध्ये मध्यावर बँड गप्प होतो आणि पियानो एकटाच सुटतो, हा तर अस्सल कॉन्चेर्टोमधला कॅडेन्झा झाला, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकट्या वादकाला मोकळं रान मिळतं तो भाग. रॉकमध्ये ती जागा एरवी गिटार सोलोची असते. (त्यांनीच २००९ च्या 'युनायटेड स्टेट्स ऑफ युरेशिया'च्या शेवटी पोलिश संगीतकार शोपाँचं नॉक्टर्न, म्हणजे एक संथ पियानो रचना, जवळजवळ जसंच्या तसं लावलंय, तेही छान आहे, पण माझ्या मते ती सजावट.)

मग रॉकवाल्यांना पियानोचा उपयोग काय, गिटार आहे की? तर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट, लावलेल्या गिटारवर पूर्ण कॉर्ड वाजवला की आवाज गढूळ होतो, कारण डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या कंपनांची बेरीज-वजाबाकी होऊन नको ते जास्तीचे सूर तयार होतात. म्हणून गिटारवाले पॉवर कॉर्ड वाजवतात, म्हणजे नुसता षड्ज-पंचम, गंधार गायब. आणि गंधारच नसेल तर मेजर (शुद्ध गंधाराचा) की मायनर (कोमल गंधाराचा) कळणार कुठून? ते ठरवतो गाणारा, नाहीतर पियानो. पियानोवाल्याने शुद्धचा कोमल गंधार केला की तीच गिटार एकदम उदास वाटायला लागते, गिटारवाल्याने बोटही हलवलेलं नसतं! उलट खाली खर्जात बेस गिटार आणि ड्रम बसलेले असतात, तिथे पियानो नुसता चिखल करतो, त्यामुळे क्लासिकलमधला तो भारदस्त डावा हात बँडमध्ये बहुतेक वेळा एक सप्तक वर सरकवावा लागतो आणि सूर लांबवणाऱ्या पेडलवरचा पाय आवरावा लागतो. शिकलेल्या माणसाला हे सुरुवातीला फार जड जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉर्ड बदलायची पद्धत. शोपाँचं ई मायनरमधलं प्रिल्यूड, म्हणजे छोटीशी रचना, घ्या, ओपस (रचना क्रमांक) २८ मधलं चौथं. उजवा हात जवळजवळ काहीच करत नाही, पंचम आणि कोमल धैवत, पुन्हा पंचम, तेवढंच बराच वेळ. डावा हात तोच कॉर्ड ठोकत राहतो आणि हळूच एखादंच बोट शेजारच्या पट्टीवर खाली घसरतं, मग दुसरं, मग तिसरं. कॉर्ड बदलला हे कळायच्या आत सगळा रंग बदललेला असतो. रेडिओहेडच्या १९९७ च्या 'एक्झिट म्युझिक'ची तुलना लोक याच्याशी करतात आणि मला ती पटते, आणि ते गाणं सुरू होतं साध्या अकूस्टिक गिटारवर, म्हणजे प्रभाव पियानोचा असला तरी पियानो वाजलाच पाहिजे असं काही नाही. बीटल्सचं १९६९ चं 'बिकॉज' तसंच. जॉन लेननची बायको योको बेथोव्हेनची 'मूनलाइट' सोनाटा वाजवत होती, लेनन म्हणाला हे कॉर्ड उलटे वाजव, आणि त्यातून गाणं निघालं असं तो स्वतः सांगायचा. रेकॉर्डवर मात्र ते इलेक्ट्रिक हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या वाद्याचं विजेवरचं रूप) आहे.

तिसरा प्रकार आडदांड, हंगेरियन संगीतकार बार्टोकचा. १९११ च्या 'अलेग्रो बार्बारो'मध्ये त्याने पियानोला सरळ तालवाद्यासारखं बडवलंय, आणि इमर्सन, लेक अँड पामर या बँडने १९७० मध्ये पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच ट्रॅकसाठी तेच उचललं. जपानच्या एक्स जपान बँडचा योशिकी तर एकाच बँडमध्ये ड्रम आणि क्लासिकल वळणाचा पियानो दोन्ही वाजवतो, त्यांचं १९९३ चं 'आर्ट ऑफ लाइफ' २९ मिनिटांचं आहे आणि मधला पियानो सोलो सुरुवातीला सरळ असतो, मग त्यावर दुसरा पियानो बेसूर तुटून पडतो. काहींच्या डोक्यात जातो तो भाग, मला जाम आवडतो.

एक मात्र लक्षात ठेवा, रॉकमध्ये पियानो ऐकू आला म्हणजे तो क्लासिकलच असं नाही. जुने रॉक-अँड-रोलवाले जेरी ली लुईस, लिटल रिचर्ड यांचा पियानो बूगी-वूगी (नाचरा ब्लूज पियानो) आणि गॉस्पेलमधून (चर्चमधलं कृष्णवर्णीय अमेरिकन भक्तिसंगीत) आलाय, वंशावळच वेगळी. एल्टन जॉनकडे दोन्ही आहे, लहानपणी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलाय तो, म्हणून त्याच्या संथ गाण्यांत आणि धांगडधिंग्यात डावा हात पूर्ण वेगळा ऐकू येतो.

तुम्ही स्वतः वाजवत असाल तर कॉन्चेर्टोच्या वाटेला जाऊ नका, शोपाँचं ते प्रिल्यूड घ्या, जेमतेम एक पान आहे आणि संथ आहे. आधी नुसता डावा हात बसवा, आणि प्रत्येक वेळी कोणतं बोट हललं ते बघत जा.