डॅनियल मॉर्गनची रायफल आणि संगिनीची अडचण

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या डॅनियल मॉर्गनच्या रायफली एवढ्या लांब मारत होत्या, तर अमेरिकन सेनापती जनरल वॉशिंग्टनने त्या सगळ्या फौजेलाच का दिल्या नाहीत, असा प्रश्न आहे. खोच बार भरण्यात आहे.

रायफलही ठासणीचीच. पण नळीत आतून पिळाच्या खाचा असल्याने गोळी चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळून गजाने जोर लावत तळापर्यंत ठासावी लागे. मस्केट म्हणजे सैनिकांची नेहमीची, गुळगुळीत नळीची बंदूक; तिची गोळी सैल. कागदी काडतूस फाडा, ओता, ठासा. मस्केटचे मिनिटाला तीन बार, तर रायफलचा जेमतेम एक. आणि खाचांत काजळी धरली की तोही रखडायचा. मस्केटचा भरवसा शंभर यार्डांच्या आतच, रायफल दोनशेवर माणूस टिपायची. मात्र ती मुळात शिकारीची बंदूक, तिला संगीन बसत नसे. शत्रू संगिनी रोखून धावून आला की रायफलवाल्याला पळण्यावाचून गत्यंतर नाही.

मॉर्गन व्हर्जिनियातल्या शेनानडोआ खोऱ्यातला गाडीवान. १७५५ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी, ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकच्या फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेत त्याने ब्रिटिशांचं सामान वाहिलं. पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यावर हात उचलला म्हणून ५०० फटके. (मोजणाऱ्याने एक चुकवला, असं तो नंतर मजेत सांगे.) १७७५ मध्ये ९६ रायफलवाले घेऊन तो विंचेस्टरहून २१ दिवसांत बॉस्टनला पोचला आणि त्याच वर्षअखेरीस कॅनडातल्या क्वेबेकवरच्या हल्ल्यात तिथल्या गल्ल्यांत ब्रिटिशांच्या हाती कैद झाला. सुटकेनंतर १७७७ मध्ये साराटोगाच्या लढाईत त्याच्या रायफलवाल्यांच्या जोडीला डिअरबॉर्नचं संगीनधारी हलकं पायदळ दिलं, तेव्हा कुठे ही बंदूक लढाईत पुरती कामाला आली.

माझ्या मते त्याची खरी करामत दक्षिण कॅरोलिनातल्या काउपेन्सच्या लढाईची, १७ जानेवारी १७८१. समोर ब्रिटिश जनरल कॉर्नवॉलिसने धाडलेला अधिकारी टार्लटन, जवळपास अकराशे माणसं. (हाच कॉर्नवॉलिस १७९२ मध्ये टिपूविरुद्ध मराठ्यांसोबत श्रीरंगपट्टणला होता.) संगिनी दिसल्या की मिलिशिया, म्हणजे गावोगावचे हंगामी शिपाई, पळते, हे मॉर्गनला पक्कं ठाऊक. मग त्याने पळणंच हुकमात घातलं: पुढे रायफलवाले, मागे पिकन्सची मिलिशिया, शत्रू पन्नासेक यार्डांवर आला की दोन बार काढा, अधिकारी टिपा, मागे फिरा. त्यामागे हॉवर्डचं कसलेलं पायदळ, आणि टेकडीआड विल्यम वॉशिंग्टनचे (जनरल वॉशिंग्टन वेगळा) घोडेस्वार.

टार्लटनला वाटलं, फळी फुटली. त्यातच हॉवर्डच्या उजव्या टोकाच्या तुकडीने हुकूम चुकीचा ऐकला आणि सगळी ओळ मागे चालू लागली. ब्रिटिश रांगा मोडून अंगावर धावले. मॉर्गनने थांबायची जागा दाखवली, ओळ गर्रकन वळली, तीसेक यार्डांवरून बार झाले आणि लगेच संगिनी. तासाभरात टार्लटनचे आठशेहून अधिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मॉर्गनच्या अहवालात आपले १२ मृत आणि ६० जखमी.