हजाराच्या आसपास वाईन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (लातूर): दुकानात गेलं की नुसत्या बाटल्याच बाटल्या, कुठली घ्यावी काही कळना. बजेट हजारभर. मित्र म्हणायलेत लालच घे, तब्येतीला चांगली असते.

तब्येतीचं आधी सोडा भाऊ, वाईनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, औषध म्हणून कुणी पिऊ नये. आणि हजारभरात घ्यायची तर माझं मत सरळ आहे, पांढरी घ्या. लाल वाईन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात, मग साल अन् बियांमधून टॅनिन हे तुरट द्रव्य उतरतं, ते मऊ व्हायला वेळ लागतो, कधी ओक लाकडाची पिंपं लागतात आणि हा सगळा खर्च शेवटी बाटलीवर चढतो. स्वस्तातल्या लालमध्ये बऱ्याचदा ते टॅनिन कच्चंच राहतं, अर्धं पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तसं. पांढरीचं तसं नाही, रस काढला की साल बाजूला, स्टीलच्या टाकीत गार ठेवून आंबवली की काही महिन्यांत बाटलीत.

पहिल्यांदाच पिणार असाल तर नाशिकच्या सुलाची शेनिन ब्लां घ्या. जरा गोडसर आहे, अननस-पेरूसारखा वास, घशात टोचत नाही. गोड नको असेल तर सॉव्हिन्यॉन ब्लां. ही कोरडी, लिंबासारखी आंबट, वास ढोबळी मिरची अन् नुकत्याच कापलेल्या गवताचा. काहींना हा वास पहिल्या घोटाला विचित्र वाटतो, दुसऱ्या ग्लासाला आवडायला लागतो. हुरड्याच्या दिवसांत मी हीच उघडतो, कोवळ्या ज्वारीच्या हिरव्या गोडीला हिचा आंबटपणा झकास जमतो, फक्त लसणाची चटणी जरा लांब ठेवा. आणि अर्धी बाटली, ३७५ मिलीची, मिळाली तर आधी तीच घेऊन बघा, नाही आवडली तरी निम्मेच पैसे गेले.

प्रश्न (नांदेड): स्वस्तातली पोर्ट वाईन कशी असते?

गोड. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली, आंबणं अर्ध्यात थांबवायला तिच्यात द्राक्षाची ब्रँडी घालतात म्हणून ती गोडही आणि कडकही. आपल्याकडं त्या नावानं मिळते ती बहुतेक साधी गोड लाल वाईन असते. बर्फ टाकून आवडत असेल तर खुशाल प्या, पण तिच्यावरून बाकीच्या वाईनची परीक्षा करू नका.

प्रश्न (बीड): आमच्याकडं मटण म्हणजे येसर घातलेला झणझणीत रस्सा. त्याच्यासोबत लालच लागते ना?

मटणाला लाल हा नियम तिकडचा, जिथं जेवणात मिरची नसते. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात, म्हणजे कडक लाल वाईन अन् येसरचा रस्सा एकत्र आले की ना रश्शाची चव कळते ना वाईनची. इथंही गारेगार शेनिन ब्लांच, तिचा थोडा गोडवा तिखटाला धरतो. लालच पाहिजे असेल तर ती संभाजीनगरच्या नान खलियासोबत घ्या, त्यात चरबी अन् मसाला असतो पण जाळ कमी. तिथं शिराझ या द्राक्षाची लाल वाईन मस्त, तिच्यात काळ्या मिरीचा वास येतो अन् तो काही कल्पनेचा खेळ नाही, रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीत असतं तेच शिराझच्या सालीतही सापडतं. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेजे बघा. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी अन् अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरच्या भावांनी मिळून काढलेली ही कंपनी. सांजोवेजे मूळची इटलीची, आंबट चेरीसारखी, मसाला वांग्यासोबतही चालते.

प्रश्न (परभणी): लाल वाईन रूम टेम्परेचरला प्यावी म्हणतात. मे महिन्यात आमची रूमच चाळिशीला असते!

म्हणूनच तो नियम परभणीत लागू नाही! ती रूम म्हणजे युरोपातलं जुनं गार घर, १६ ते १८ अंशाचं. तुम्ही लाल बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, पांढरी दोन-अडीच तास. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकान बघा, एसी नाही आणि बाटल्या काचेपाशी उन्हात उभ्या असतील तर कितीही डिस्काउंट असला तरी सोडून द्या. बूच वर सरकलेलं किंवा गळ्यापाशी चिकट ओघळ असेल तर ती बाटली तापलेली आहे समजा. पांढरीवर सगळ्यात अलीकडचं साल बघून घ्या, आणि फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडू नका, चांगल्या वाईनलाही तेच असतं.

प्रश्न (कडवंची, जि. जालना): आमची थॉमसन द्राक्षाची बाग आहे. तिची वाईन का नाही होत?

होते, पण फिकी होते. खायच्या द्राक्षाला आपण मणी मोठा करतो, विरळणी करतो, साल पातळ अन् बी नको असते. वाईनला उलटं, मणी बारीक, साल जाड, बी असलेली, आणि साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्सला (रसातली साखर मोजायचं माप) गेली की तोड. छाटण्या तुम्हाला माहीत आहेत त्याच, एप्रिलची खरड अन् ऑक्टोबरची फळछाटणी, पण ही द्राक्षं हातगाडीवर कुणी घेत नाही. म्हणून वाईनची जात लावायची असेल तर आधी वायनरीशी लेखी करार करा, रोपं मग आणा.